हिरवळ व अंगण : रायगड किनारा

घराभोवतीच्या मोकळ्या जमिनीवर दाट वाढविलेल्या आणि वरचेवर कापून आखूड राखलेल्या गवताच्या आच्छादनास बागकामात हिरवळ म्हणतात. या शब्दाचा मूळ अर्थ नुसता हिरवेपणा, पाऊस पडताच जमिनीवर आपोआप उगवणारी कोवळी तृणराजी, असा आहे. मुद्दाम राखलेले गवत हा अर्थ त्यास इंग्रजी अमदानीत येऊन चिकटला. बोलण्यात ‘लॉन’ हाच शब्द रूढ असून, अलीकडे महाराष्ट्रातील शहरांत ‘लॉन्स’ म्हणजे लग्नसमारंभासाठी भाड्याने मिळणारी जागा असाही त्याचा अर्थ झाला आहे. तेथे गवत असतेच असे नाही. रायगड (१९८१ पूर्वीचा कुलाबा) जिल्ह्याच्या किनारपट्टीत घरापुढे गवत राखणे ही कल्पना मुळात परकी होय. येथील रीत याच्या नेमकी उलट होती : घरापुढील जमीन गवतापासून मोकळी ठेवावयाची आणि गवत राखावयाचे ते डोंगराच्या उतारावर. पहिल्या कामास अंगण करणे म्हणत. दुसऱ्या कामावर गुरांचे, भातशेतीचे आणि काही अंशी मुंबई शहराचेही पोषण अवलंबून असे. घरापुढील हिरवळ या किनाऱ्यावर आली ती या दोन्ही व्यवस्था मोडत असताना.

हिरवळीची जन्मभूमी वायव्य यूरोप, विशेषतः इंग्लंड, ही आहे. सतराव्या व अठराव्या शतकांत तेथील जमीनदारांच्या वाड्यांभोवती मेंढ्या चारून किंवा लांब दांड्याच्या विळ्याने कापून गवताची विस्तीर्ण मैदाने राखली जात. एडविन बडिंग या इंग्रज कारागिराने १८३० साली गवत कापण्याचे यंत्र तयार केले. लोकरी कापडावरील लव कापण्याच्या गिरणीतील यंत्रावरून त्याला ही कल्पना सुचली होती. या यंत्रामुळे हिरवळ मध्यमवर्गीयांच्या लहान घरांपुढेही येऊ शकली. तिचा खरा आधार मात्र तेथील हवामानाचा आहे. लंडनमध्ये वर्षाकाठी सु. ६०० मिमी. पाऊस पडतो, पण तो बाराही महिने थोडाथोडा पडतो. राय, फेस्क्यू यांसारखी तेथील गवते १५° ते २४° से. तापमानात उत्तम वाढतात आणि पाणी न देताही बहुतेक वर्षभर हिरवी राहतात.

रायगड किनाऱ्यावरील परिस्थिती याहून सर्वस्वी भिन्न आहे. अलिबाग येथे वर्षाला २,००० मिमी.हून अधिक पाऊस पडतो आणि दक्षिणेकडे श्रीवर्धनच्या बाजूस त्याचे प्रमाण आणखी वाढते. परंतु जवळजवळ सर्व पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच पडतो. या काळात आकाश अनेक आठवडे अभ्राच्छादित असते, दिवसाचे तापमान उतरते आणि सर्वत्र गारवा येतो. तरीही रात्रीचे तापमान सर्वसाधारणपणे २४°–२५° से.पर्यंतच खाली येते. यूरोपीय गवतांना हा गारवा पुरत नाही आणि उष्ण प्रदेशातील गवतांना हवे असते ते ऊन या काळात मिळत नाही. उरलेले आठ महिने जमीन कोरडी असते. म्हणजे वर्षातील एक भाग गवताला अतिरेकी ओला व दुसरा अतिरेकी कोरडा असतो.

अंगण : पावसाळ्यात कोकणातील घरापुढील जागा गवताने व शेवाळ्याने भरून जाई. भिंतींना पावसाची झड लागू नये म्हणून नारळीच्या झावळ्यांचे विणलेले झाप बाहेरून बांधीत आणि घराचे व्यवहार ओटी, पडवी यांवर आक्रसून येत. दगडी पाखाडीवरूनच काय ती ये-जा होई. भाद्रपद उलटून पावसाचा जोर ओसरला, की अंगणाचे काम सुरू होई. प्रथम खुरप्याने सर्व गवत मुळासकट काढीत. जमीन वरवर खणून ढेकळे फोडीत. लागेल तेथे नवी माती किंवा मुरूम घालून पाणी मारीत आणि जमीन समपातळीत आणीत. नंतर लाकडी चोपण्याने ती अनेक दिवस सकाळ-संध्याकाळ चोपून टणक करीत व शेवटी शेणाने सारवीत. हे काम बहुतांशी घरातील स्त्रियांचे असे आणि त्याला मुदत होती : दसऱ्यानंतर भाताची कापणी येई व कार्तिकात तुळशीचे लग्न, तोपर्यंत अंगण तयार असावे लागे. पुढे आठवड्या-पंधरवड्याने सारवण चालू राही आणि पहिल्या पावसात सगळे वाहून जाऊन पुन्हा गवत उगवे.

इतक्या श्रमाने दरवर्षी गवत का काढीत, याचे उत्तर अंगणाच्या उपयोगात आहे. भात, नाचणी, मिरच्या, कोकमाची साले, पापड-कुरडया आणि मासळी ही सर्व येथे वाळत. श्रीवर्धनची रोठा सुपारी प्रसिद्ध आहे. झाडावरून उतरविलेली सुपारी सालीसकट महिना-दीड महिना उन्हात वाळवावी लागते व त्यासाठी कोरडी, टणक आणि स्वच्छ जमीन लागते. दुसरे कारण सापांचे. कोकणात आढळणारे फुरसे हा लहानसा विषारी साप असून, तो दगडगवतात सहसा दिसून येत नाही; सारवलेल्या अंगणात तो रात्रीच्या दिव्यातही दिसतो. मोकळे अंगण म्हणजे नापीक जमीन नव्हे, तर घराची एक खोली होय, असे म्हणणे अधिक यथार्थ ठरेल. इंग्रज प्रवाशांना भारतीय घरांपुढे हिरवळीचा अभाव दिसला, तो आळसाचा नसून असा श्रमसाध्य होता.

घराजवळ गवताला मुळीच जागा नव्हती असे मात्र नाही. हरळी (सायनोडॉन डॅक्टिलॉन) हेच गवत दूर्वा म्हणून गणपतीच्या पूजेस लागते आणि विहिरीच्या काठी, न्हाणीच्या पाण्यावर किंवा बांधावर तिचा एखादा पट्टा राखलेला असे. पेणच्या मूर्ती आणि पाली व महड येथील अष्टविनायकांपैकी दोन स्थाने यांमुळे गणेशपूजेचे या जिल्ह्यात विशेष महत्त्व आहे. भाद्रपदात दूर्वा कोवळी व मुबलक मिळते. हेच गवत देशावरील काळ्या जमिनीत शेतकऱ्याचे शत्रू समजले जाते आणि ते खणून काढण्यासाठी पूर्वी मोठा खर्च करावा लागे. पुढे हिरवळीसाठी सर्वाधिक लावले गेले तेही हेच.

वरकस व गवत : राखलेले गवत असे ते वरकस जमिनीवर. डोंगरउतारावरील ही हलकी जमीन सरकारी आकारणीत कनिष्ठ प्रतीची गणली जात असली, तरी भातशेतीचा जीव तिच्यात होता. तिच्यावर नाचणी, वरी, हरीक ही पिके घेऊन नंतर ती काही वर्षे पड टाकीत व त्या काळात तिच्यावर गवत वाढे. या गवताचे तीन उपयोग होते. ते गुरांना लागे. गरिबांची घरे शाकारण्यास लागे. आणि राबास लागे. भाताचे रोप टाकावयाच्या जागेवर उन्हाळ्यात शेण, झाडांच्या डहाळ्या, पालापाचोळा, गवत व वर बारीक माती असे थर रचून ते जाळण्याच्या पद्धतीस राब भाजणे म्हणतात. त्यामुळे जमिनीतील तणांचे बी मरते, राखेचे खत मिळते आणि माती भुसभुशीत होऊन जोमदार रोपे सहज उपटता येतात. एका खाचराच्या रोपासाठी त्याहून कितीतरी मोठ्या क्षेत्रावरील पालागवत लागत असल्यामुळे वरकसाशिवाय भात नाही, अशी स्थिती होती.

गवत कापण्याचे काम पाऊस थांबल्यावर, दसरा-दिवाळीच्या सुमारास चाले. तोपर्यंत राखलेल्या भागात गुरांना बंदी असे. कुसळी गवताची कुसळे पक्व होऊन टोचू लागण्यापूर्वीच ते कापावे लागे. उशीर झाल्यास त्याची प्रत उतरे. कापलेले गवत वाळवून त्याचे भारे बांधीत आणि उडव्या रचीत. एकोणिसाव्या शतकात मुंबईची वाढ झाल्यावर या गवताला बाजार मिळाला. शहरातील घोडागाड्या, लष्कराचे घोडे व म्हशींचे गोठे यांना प्रचंड वैरण लागे. मुंबईत १८७४ ते १९०५ पर्यंत ट्रामगाड्याही घोडे ओढीत होते. कुलाबा जिल्ह्यातून समुद्रमार्गे जाणाऱ्या मालात तांदूळ, मीठ व सरपण यांच्या बरोबरीने गवताचा समावेश होई. ट्राम विजेवर चालू लागली (१९०७) व पुढे मोटारी आल्या, तसा या मागणीचा मोठा भाग नाहीसा झाला. गोठ्यांची मागणी तेवढी उरली.

गवत व पाला यांवर हक्क कोणाचा, हा प्रश्न या किनाऱ्यावर तीव्र झाला तो १८७८ च्या वन कायद्यानंतर. राखीव जंगलात डहाळी तोडणे, गुरे चारणे व गवत कापणे यांवर निर्बंध आले आणि राब हा जंगलाचा नाश करणारा अडाणी प्रकार आहे, असे मत वनखात्यात बळावले. ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतील रयतेच्या तक्रारींमुळे मुंबई सरकारने १८८५ मध्ये वन आयोग नेमला. त्याचा अहवाल १८८७ मध्ये सादर झाला. राबाची गरज काही प्रमाणात मान्य झाली, तरी मूळ तक्रार मिटली नाही. सविनय कायदेभंगाच्या चळवळीत १९३० च्या पावसाळ्यात मीठ तयार करणे अशक्य झाले, तेव्हा महाराष्ट्रात जंगल सत्याग्रहाचा मार्ग निवडला गेला. लोकनायक बापूजी अणे यांनी १० जुलै १९३० रोजी पुसद भागात राखीव जंगलातील गवत कापून त्याचा प्रारंभ केला. कायदा मोडण्यासाठी मूठभर गवत पुरेसे ठरावे, यावरूनच त्या गवताची किंमत लक्षात येते. रायगड किनाऱ्यावर उरण तालुक्यातील चिरनेर येथे अक्कादेवीच्या डोंगरावर २५ सप्टेंबर १९३० रोजी जमलेल्या आगरी, कातकरी व इतर सत्याग्रहींवर पोलिसांनी गोळीबार केला. त्यात आठ आंदोलकांना हौतात्म्य आले. नाग्या महादू कातकरी हा त्यांपैकी एक होय.

हिरवळीचे आगमन : इंग्रज अधिकारी व व्यापारी यांनी हिरवळीची हौस आपल्याबरोबर आणली. मुंबई व पुणे येथील जिमखाने, बंगले आणि सार्वजनिक उद्याने यांत ती स्थिरावली. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयातील अध्यापक जी. मार्शल वुड्रो यांच्या भारतीय बागकामावरील पुस्तकाच्या अनेक आवृत्त्या निघाल्या, त्या या हौसेच्याच निदर्शक होत. मोठ्या मैदानांवर बैलांनी ओढावयाची कापणीयंत्रे वापरली गेली; लहान बंगल्यांत मात्र मजूर उकिडवे बसून खुरप्याने गवत कापीत. ए. ब्लॅटर व सी. मॅकन यांचा मुंबई इलाख्यातील गवतांवरील ग्रंथ १९३५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यावरून पश्चिम किनाऱ्यावरील तृणजातींची विपुलता ध्यानात येते.

किनाऱ्यापासून आत, पण याच जिल्ह्यात, ठाण्याचे जिल्हाधिकारी ह्यू मॅलेट यांनी १८५० मध्ये पुढे आणलेले माथेरान हे थंड हवेचे ठिकाण आहे. हिरवळीला तेथे योग्य हवा मिळेल, अशी अपेक्षा होती. परंतु दाट सावली, जांभ्या खडकावरील पातळ मातीचा थर आणि पावसाळ्यातील अखंड धुके व धुवाधार पाऊस यांमुळे बंगल्यांभोवती झाडीच टिकली. शिवाय तेथील हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि एप्रिल-मे असा असे. गवत वाढे त्या चार महिन्यांत बंगले बंद करून मालक खाली उतरलेले असत. मालकाचा हंगाम व गवताचा हंगाम यांची ही फारकत पुढे किनाऱ्यावरही दिसून आली.

किनाऱ्यावरील घरांपुढे हिरवळ मोठ्या प्रमाणावर आली ती विसाव्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत. गेटवे ऑफ इंडियाहून मांडव्यास जलमार्गाने येणे सोयीचे असल्याने मुंबईतील धनिकांनी अलिबाग तालुक्यात सुट्टीची घरे बांधली. मुंबई-मांडवा मोटारवाहू जहाजसेवा मार्च २०२० मध्ये व शिवडी-न्हावाशेवा सागरी सेतू जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाल्यावर हे अंतर आणखी कमी झाले. कुळकायद्यानुसार (१९४८) बिगरशेतकऱ्यास शेतजमीन सहजासहजी घेता येत नसली, तरी जमिनींचे हस्तांतर होत राहिले आणि त्यात वरकस जमिनींचा वाटा मोठा होता. कुंपण पडले, की त्या जमिनीवरील चराई व गवतकापणी थांबते. गुरे कमी झाली म्हणून वरकस विकले गेले, की वरकस गेले म्हणून गुरे कमी झाली, हे ठरविणे कठीण आहे. दोन्ही प्रक्रिया एकमेकींना साहाय्यक ठरल्या. न कापलेले गवत मात्र डोंगरावर उभेच वाळते आणि फाल्गुन-चैत्रात वणव्याला इंधन पुरविते. त्याच वेळी खाली कुंपणाच्या आत दुसरे गवत पाणी देऊन हिरवे ठेवले जात असते.

लागवड व निगा : या किनाऱ्यावर उष्ण प्रदेशातील गवतेच लावावी लागतात. उघड्या, उन्हाच्या व निचऱ्याच्या जागी हरळी उत्तम येते. तिचे निवडक बारीक पानांचे प्रकार रोपवाटिकांत मिळतात. नारळीच्या विरळ सावलीत रुंद पानांचे गालिचा गवत (ॲक्सोनोपस कॉम्प्रेसस) अधिक चांगले टिकते. झॉयसिया प्रजातीतील गवत दाट व मऊ होते, परंतु ते सावकाश वाढते. खाडीजवळच्या खारट जमिनीत यांपैकी बहुतेकांचा निभाव लागत नाही. तेथे पास्पॅलम व्हॅजिनेटम हे समुद्रकाठचेच गवत तग धरते.

लागवडीच्या भारतीय पद्धतींपैकी एक या संदर्भात लक्षणीय आहे. हरळीचे तुकडे, ताजे शेण, माती व पाणी यांचा दाट काला करून तो भिजवलेल्या सपाट जमिनीवर सु. २·५ सेंमी. जाडीचा लिंपतात व वर पालापाचोळा पसरतात. दोन आठवड्यांत कोंब फुटतात. साहित्य आणि हातांची हालचाल या दोन्ही दृष्टींनी हे सारवणच होय. केवळ त्यात गवत मिसळलेले असते. ही लागवड जूनच्या प्रारंभी केल्यास मुसळधार पावसाने काला वाहून जातो; पाऊस ओसरताना, ऑगस्टअखेरीस किंवा सप्टेंबरमध्ये, ती अधिक साधते.

पावसाळ्यातील निगेचा सर्वांत महत्त्वाचा भाग म्हणजे पाण्याचा निचरा. जमिनीस दर मीटरला १ ते २ सेंमी. उतार घरापासून दूर जाणारा ठेवतात. चिकण माती असल्यास वरच्या थरात वाळू मिसळतात. जुलै-ऑगस्टमध्ये गवत भराभर वाढते, पण ऊन नसल्यामुळे ते लांबट व अशक्त होते. अशा वेळी फार आखूड कापल्यास ते पिवळे पडते. कोरड्या हंगामात हरळी २ ते ३ सेंमी. उंचीवर कापतात, पावसाळ्यात ती ४ ते ५ सेंमी. ठेवावी आणि एका वेळी उंचीच्या तृतीयांशाहून अधिक कापू नये. ओले गवत कापताना पाती फाटतात व त्यांचे गोळे खाली कुजून बुरशी वाढते; म्हणून उघडीप मिळेल तेव्हाच यंत्र फिरवून कापलेले गवत उचलावे लागते. नत्रखत एकदम दिल्यास पावसाने वाहून जाते, त्यामुळे ते थोडे थोडे विभागून देतात. घराच्या उत्तरेकडील सावलीत शेवाळे हमखास येते; तेथे गवताचा आग्रह न धरता फरशी घालणे शहाणपणाचे ठरते. हुमणीच्या अळ्या मुळे खातात व वाळवी उन्हाळ्यात सुक्या भागाचा ताबा घेते.

तणांत लव्हाळा सर्वांत चिवट असून, जमिनीतील गाठींपासून तो पुनःपुन्हा उगवतो. अमेरिकेतून आलेली लाजाळूही उपद्रवी ठरते. टाकळा आणि कुर्डू ही पहिल्या पावसाबरोबर येणारी रोपे हिरवळीतून तण म्हणून उपटली जातात. उपटणाऱ्या मजुरांच्या घरी मात्र त्यांची भाजी होते आणि आषाढात ती अलिबाग-पेणच्या बाजारात विकलीही जाते.

पावसाळा संपला, की पाण्याचा प्रश्न उभा राहतो. उन्हाळ्यात हिरवळीस दररोज सु. ५ मिमी. पाणी लागते असे धरल्यास १०० चौ. मी. क्षेत्रास रोज ५०० लिटर पाणी द्यावे लागते. नोव्हेंबर ते मे या काळातील सु. २०० दिवसांची सरासरी ४ मिमी. धरली, तरी एवढ्याच जागेस ८० हजार लिटर पाणी लागेल. किनाऱ्याच्या वाळूमिश्र पट्ट्यातील गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. चौल, नागाव, आक्षी, रेवदंडा येथील नारळी-पोफळीच्या वाड्या याच पाण्यावर, रहाटाने उपसा करून, शतकानुशतके शिंपल्या गेल्या; रहाटाच्या मंद गतीमुळे उपशास आपोआप मर्यादा पडे. विजेच्या पंपांनी आणि खोल विंधणविहिरींनी ती मर्यादा राहिली नाही. उपसा प्रमाणाबाहेर झाल्यास खारे पाणी वर सरकते आणि एकदा खारावलेली विहीर सुधारण्यास अनेक पावसाळे लागतात. त्याचा पहिला फटका हिरवळीपेक्षा शेजारच्या वाडीस व पिण्याच्या पाण्यास बसतो.

निसर्ग चक्रीवादळ ३ जून २०२० रोजी याच किनाऱ्यावर धडकले व श्रीवर्धन, मुरूड आणि अलिबाग तालुक्यांतील नारळी-पोफळीच्या असंख्य बागा आडव्या झाल्या. पाठोपाठ आलेल्या पावसात उघड्या पडलेल्या जमिनीवर गवत काही आठवड्यांतच दाट वाढले. नव्याने लावलेल्या पोफळीस फळ धरण्यास साधारणतः सहा-सात वर्षे लागतात. तोपर्यंत वाडीतील गवत बेणून काढणे आणि सुपारी वाळविण्याचे अंगण दरवर्षी नव्याने करणे, ही दोन्ही कामे चालू ठेवावी लागतात.